पहिल्याच वर्षी अडलेला विद्यार्थी: मेंटॉर शिक्षकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

महाराष्ट्रातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत प्रत्येक शिक्षकाकडे वीसेक मुलं सोपवलेली असतात. कुठे त्या शिक्षकाला मेंटॉर म्हणतात, पुण्याकडे जीएफएम म्हणतात. फॉर्म भरले जातात, सह्या होतात, फाइल नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) तपासणीसाठी कपाटात जाते. मग पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो आणि त्याच वीसातल्या चार-पाच जणांना एम-वन (पहिल्या सेमिस्टरचं गणित), मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल अशा दोन-दोन, तीन-तीन केट्या (नापास होऊन मागे राहिलेले विषय, यालाच एटीकेटीही म्हणतात) लागलेल्या दिसतात. त्यानंतर बोलावणं, दम देणं, घरी फोन करणं आणि ‘यापुढे नियमित अभ्यास करीन’ असं लिहून घेणं. यातून फारसं काही निघत नाही, कारण मुलाचा अभ्यास का झाला नाही हे तोवर कुणी विचारलेलंच नसतं.

माझं म्हणणं साधं आहे. मुलगा नेमका कुठे अडलाय ते आधी शोधायचं, मग एका वेळी एकच गोष्ट सोडवायची, आणि तोवर त्याच्याशी बोलणं तुटू द्यायचं नाही. हे काम समुपदेशकाचं नाही, वर्गात रोज दिसणाऱ्या शिक्षकाचं आहे. उदाहरणं इंजिनिअरिंगच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची घेतली आहेत, पण बीएस्सी, बीकॉम, फार्मसीच्या शिक्षकांनाही यातलं बरंच लागू पडेल.

निकालाची वाट पाहू नका

निकाल लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. अडलेला मुलगा सप्टेंबर-ऑक्टोबरातच दिसायला लागतो, फक्त आपण बघत नसतो.

नुसती हजेरीची टक्केवारी पाहू नका, तिच्यातलं वळण पाहा. रोज पहिलं लेक्चर बुडवणारा मुलगा आणि एकाच विषयाचं प्रत्येक लेक्चर बुडवणारा मुलगा, दोघेही ६२ टक्क्यांवर असू शकतात आणि दोघेही डिफॉल्टर लिस्टमध्ये येतात. पण पहिला कदाचित रात्री कुठेतरी काम करतो किंवा दीड तास प्रवास करून येतो, आणि दुसरा त्या विषयाला घाबरतो. जो प्रॅक्टिकलला येतो पण लेक्चरला येत नाही, त्याला फळ्यावरचं कळेनासं झालंय. जो लेक्चरला येतो पण प्रॅक्टिकल टाळतो, त्याचं बहुधा बॅचमधल्या कुणाशी तरी बिनसलंय, किंवा जर्नल इतकं मागे पडलंय की सरांसमोर उभं राहायची लाज वाटते. गणपतीला किंवा दिवाळीला गावी जाऊन आठवडाभर उशिरा परतणारी मुलंही टिपून ठेवा.

काही मुलांकडे तर पहिल्या दिवसापासूनच लक्ष हवं. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीतून आलेली मुलं त्यांतली. ती वर्गात येतात तेव्हा एखादं युनिट शिकवून संपलेलं असतं, होस्टेलच्या खोल्या भरलेल्या असतात आणि मैत्रीचे गट जमून गेलेले असतात. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं दुसरी. वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये ती इतरांपेक्षा सरस असतात, पण एम-वन, एम-टू न करता थेट एम-थ्रीला बसतात आणि तिथेच आपटतात. मराठी माध्यमातून आलेली मुलं तिसरी. चौथ्या गटाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही: जेईईसाठी वर्षभर ड्रॉप घेऊन, हवं ते न मिळाल्यामुळे आपल्या कॉलेजात आलेली मुलं. त्यांना विषय येत असतो, मन मात्र कॉलेजात नसतं.

आणि प्रत्येक प्रश्नाला ‘हो सर’ म्हणणारा मुलगा. त्याची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते.

पहिली भेट

स्टाफरूममध्ये बोलावू नका. शेजारच्या टेबलावर एचओडी बसलेत, दोन मॅडम पेपर तपासतायत, अशा ठिकाणी कुणीही मनातलं बोलणार नाही. प्रॅक्टिकल संपल्यावर रिकामी झालेली लॅब चालेल, कॅंटीनचा कोपरा चालेल, पार्किंगपर्यंत सोबत चालत जाणंही चालेल. विद्यार्थिनीशी बोलताना दार उघडं ठेवा. तिला मैत्रीण सोबत हवी असेल तर येऊ द्या.

सुरुवात मार्कांपासून करू नका. ‘एवढे कमी का पडले?’ या प्रश्नाचं ‘अभ्यास कमी पडला सर’ हे एकच उत्तर मुलांना पाठ असतं आणि तिथे संवाद संपतो. त्याऐवजी म्हणा, “कालचा दिवस सांग मला. उठलास तिथपासून.” हा प्रश्न फार उपयोगी आहे. एका मुलीने त्यावर असं उत्तर दिलं होतं:

“साडेसहाला उठले सर. बाथरूमला नंबर असतो. डबा येईपर्यंत थांबले तर बस चुकते, म्हणून न खाताच आले.”

“मग खाल्लं कधी?”

“दोनला. वडापाव.”

“लेक्चरला काय कळत होतं?”

“पहिली दोन बरी जातात. नंतर डोकं दुखतं.”

तिचं एम-वन सकाळी साडेअकराला असायचं. तिला गणित जमत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. तिच्यासाठी पहिलं काम डब्याची वेळ बदलून घेण्याचं होतं.

बोलणं सुरू असताना तीन गोष्टी कटाक्षाने टाळा. ‘आमच्या वेळी’ हे शब्द, वर्गातल्या दुसऱ्या कुणाशी तुलना, आणि घाईने दिलेला सल्ला. पहिल्या भेटीत सल्ला दिला नाही तरी काही बिघडत नाही. मात्र एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: “तू जे सांगशील ते मी तुला विचारल्याशिवाय कुणाला सांगणार नाही. फक्त तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला सांगावं लागेल, आणि तेही तुला सांगूनच सांगेन.” हा शब्द दिला की तो पाळायचा. स्टाफरूममध्ये चहा पिताना एकाची गोष्ट निघाली, की बाकीच्या एकोणीस जणांची तोंडं बंद होतात.

निघताना पुढच्या भेटीचा वार आणि वेळ ठरवा. ‘काही अडलं तर ये’ असं म्हटलेलं मूल येत नाही.

गाठ कुठे आहे ते शोधणं

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. माझ्या अनुभवात अडचण सहसा सहांपैकी एका ठिकाणी असते: विषयाचा पाया, इंग्रजी, अभ्यासाची पद्धत, पैसा, माणसं किंवा तब्येत. मन तब्येतीतच धरलंय. बहुतेकदा दोन कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

विषयाचं कारण शोधायचं असेल तर मुलाला विचारू नका, त्याची उत्तरपत्रिका वाचा. इन-सेमची (सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेची) उत्तरपत्रिका कॉलेजातच मिळते, एंड-सेमची (शेवटच्या परीक्षेची) फोटोकॉपी विद्यापीठाकडून मागवता येते. शेजारी बसून ओळ न् ओळ वाचा. एम-वनमधलं उदाहरण देतो. ऑयलरचं प्रमेय पोरांना तोंडपाठ असतं: यू हे फलन एन डिग्रीचं होमोजिनियस असेल (म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही टी पट केले की ते टीच्या एन घाताइतके पट होत असेल) तर एक्स गुणिले एक्सने केलेलं आंशिक विकलन अधिक वाय गुणिले वायने केलेलं आंशिक विकलन बरोबर एन यू. परीक्षेत येतं, यू म्हणजे साइन इन्व्हर्स कंसात (एक्स वर्ग अधिक वाय वर्ग) भागिले (एक्स अधिक वाय), तर हीच बेरीज काढा. मुलगा सरळ एन बरोबर एक धरून उत्तर ‘यू’ लिहितो आणि शून्य मार्क घेतो. कंसातली राशी एक डिग्रीची आहे हे त्याने बरोबर ओळखलेलं असतं. पण होमोजिनियस आहे ते साइन यू, यू नव्हे, हे त्याच्या लक्षात आलेलं नसतं. प्रमेय साइन यूला लावलं की उत्तर टॅन यू येतं.

या मुलाचा अभ्यास झालाय. त्याने प्रमेय पाठ केलं, ते कशाला लागू पडतं हे पाहायचं राहिलं. त्याला ‘जास्त मेहनत घे’ सांगितलं तर तो तेच आणखी दहा वेळा पाठ करील. त्याच्याकडून फक्त एवढंच करून घ्यायचं: पाच गणितं द्यायची, ती सोडवायची नाहीत, ‘इथे होमोजिनियस काय आहे?’ एवढंच लिहायचं. वीस मिनिटांचं काम.

दुसऱ्याच्या पेपरात याच प्रश्नात साखळी नियम चुकलेला दिसेल. तो बारावीचा राहिलेला भाग आहे. त्याला एम-वनचं पुस्तक देऊन उपयोग नाही, बारावीच्या पुस्तकातलं विकलनाचं प्रकरण पुन्हा करायला लावा. हे सुचवताना मुलाला कमीपणा वाटू देऊ नका. दोन आठवड्यांत होणारं काम आहे, असं सांगा, कारण ते खरंच तेवढंच असतं.

इंग्रजीची अडचण ओळखायची सोपी रीत आहे. तोच प्रश्न मराठीत तोंडी विचारा. गावाकडच्या शाळेतून आलेला मुलगा कागदावर दोन ओळी लिहून थांबतो, पण मराठीत विचारलं की थर्मोडायनॅमिक्सचा पहिला नियम प्रेशर कुकरचा दाखला देऊन समजावतो. म्हणजे विषय येतोय, वाक्य येत नाहीये. अशा मुलाने आधी मराठीत मोठ्याने समजावून सांगायचं आणि लगेच तेच इंग्रजीत तीन साध्या वाक्यांत लिहायचं. व्याकरण सुधारत बसू नका. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) ई-कुंभ पोर्टलवर मराठीतली अभियांत्रिकीची पुस्तकं मोफत आहेत. संकल्पना मराठीत वाचून पेपर इंग्रजीत लिहायला काहीच हरकत नाही. ओरलची भीती मात्र सरावानेच जाते. दर भेटीत दोन प्रश्न इंग्रजीत विचारा, आणि ‘आय डोन्ट नो सर’ न म्हणता अर्धवट का होईना उत्तर द्यायला लावा.

पद्धतीचं कारण असेल तर मुलं सांगतात, “सर, वाचलं की सगळं येतं, पेपरात आठवत नाही.” यावर रोडिगर आणि कार्पिक यांचं २००६ सालचं संशोधन मुलांना सांगण्यासारखं आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत जास्त आठवलं. पण आठवड्यानंतरच्या चाचणीत, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. वाचणं निम्म्यावर आणायचं आणि उरलेल्या वेळात वही मिटून कोऱ्या कागदावर लिहायचं: आज, मग परवा, मग पुढच्या आठवड्यात. पहिले काही दिवस मुलं वैतागतात, कारण काहीच आठवत नाही. ते असंच होणार, हे आधीच सांगून ठेवा.

आठवड्याचा कागद

‘टाइमटेबल कर’ असं सांगितलं की मुलं पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंतचं रंगीत टाइमटेबल करतात आणि दुसऱ्याच दिवशी सोडून देतात. टाइमटेबलऐवजी मागच्या आठवड्याचा हिशोब काढा. ए-फोर कागदावर सात रकाने आखायचे. आधी जे हलवता येत नाही ते भरायचं: लेक्चर, प्रॅक्टिकल, लोकल किंवा पीएमपीचा प्रवास, मेसच्या वेळा, कपडे धुणं, पार्टटाइम काम, रविवारी घरी होणारा फोन. मग मागच्या आठवड्यात मोबाइलवर खरोखर किती वेळ गेला ते फोनच्या सेटिंगमध्ये बघून लिहायचं. त्यावर तुम्ही काही बोलू नका, मुलगा स्वतःच गप्प होतो.

उरलेल्या मोकळ्या जागांत अडलेल्या विषयासाठी पन्नास-पन्नास मिनिटांचे फक्त चार तुकडे ठेवा. आठवड्याला चारच. हे फार थोडं वाटतं, पण शून्यावर असलेल्या मुलाने चार तुकडे पाळले तर पुढच्या आठवड्यात पाचवा तो आपणहून घालतो.

केटीच्या विषयात सगळा सिलॅबस एकदम उचलायचा नाही. मागचे पाच पेपर काढा, कुठल्या युनिटला किती मार्क आहेत ते लिहा. बहुतेक ठिकाणी पास व्हायला ४० टक्के लागतात. मुलाला त्यातल्या त्यात जवळची दोन युनिटं निवडू द्या आणि ती पक्की करून घ्या, तिसरं नंतर. काही शिक्षकांना हे पटत नाही, पूर्ण विषय यायलाच हवा असं त्यांचं म्हणणं असतं. बरोबर आहे, पण तीन केट्यांखाली दबलेल्या मुलाला आधी एका विषयात सुटल्याचा अनुभव हवा असतो. पूर्ण विषय शिकायची इच्छा त्यानंतर परत येते.

कागदावरच्या तारखाही याच भेटीत. फोटोकॉपीचा अर्ज, रीव्हॅल (पुनर्मूल्यांकन), बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म, लेट फी, हे सगळं विद्यापीठाच्या परिपत्रकात असतं, पण मुलं होस्टेलमधल्या सीनियरच्या ऐकीव माहितीवर चालतात. ‘एटीकेटी लागली की वर्ष जातंच’ किंवा ‘चार केट्यांपर्यंत काही होत नाही’ ही दोन्ही वाक्यं एकाच मजल्यावर ऐकायला मिळतात. आपल्या विद्यापीठाचा नियम छापील स्वरूपात समोर ठेवून मुलासोबत वाचा आणि तारखा त्याच्या फोनमध्ये तिथल्या तिथे टाकायला लावा. परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला म्हणून वर्ष वाया जाणं, यासारखं टाळता येण्याजोगं नुकसान दुसरं नाही.

पैशाचा प्रश्न थेट विचारा

मुलं हा विषय स्वतःहून कधीच काढत नाहीत. “महिन्याचा खर्च कसा भागतो?” असं साध्या आवाजात विचारा. मग कळतं की सकाळच्या लेक्चरला झोपणारा मुलगा रात्री एकपर्यंत डिलिव्हरी करतो, किंवा मेसचे दोन महिन्यांचे पैसे थकलेत म्हणून एकवेळ जेवतो.

यावर तुमच्या खिशातून पैसे देणं हा मार्ग नाही. योजना माहीत असणं हा आहे. राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता अशा योजना आहेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे, आणि ओबीसी, भटक्या विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शासन पूर्ण भरतं. वडील ‘मुलीवर एवढा खर्च नको’ म्हणतात तेव्हा ही माहिती हाताशी असली की बोलणं बदलतं.

अर्ज भरूनही पैसे येत नाहीत, त्यामागे बहुधा तीनच कारणं असतात: बॅंक खातं आधारशी जोडलेलं नाही, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जुना आहे, किंवा अर्ज कॉलेजच्याच लॉगिनमध्ये पडून आहे. तिसऱ्यासाठी तुम्ही स्वतः स्कॉलरशिप सेक्शनला जा. मुलगा खिडकीपाशी चार वेळा परत पाठवला जातो, शिक्षक गेला की फाइल उघडते. हे असं असू नये, पण आहे, तर त्याचा उपयोग करून घ्यावा. रात्रीच्या कामाला पर्याय म्हणून विद्यापीठाची कमवा व शिका योजना कॉलेजात चालू आहे का ते विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडे विचारा. पैसे कमी मिळतात, पण काम कॅम्पसमध्येच आणि दिवसा असतं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्था खेड्यातून आलेल्या मुलामुलींसाठी कमी खर्चात वसतिगृहं चालवतात. प्रवेशाचा काळ संपण्याआधी मुलांना तिकडे पाठवा.

एकटेपणा, गट आणि छळ

वर्गात साठ-सत्तर जण असतात आणि तरी एखाद्याला अख्ख्या सेमिस्टरमध्ये बोलायला कुणी मिळत नाही. ‘मित्र कर’ असं सांगून मित्र होत नाहीत. सोबत करायचं काम मिळालं की होतात, आणि ते काम शिक्षकाच्या हातात असतं.

प्रोजेक्टचे आणि असाइनमेंटचे गट मुलांवर सोडू नका. मुलं आपापले गट करतात आणि शेवटी उरलेल्या चौघांचा एक गट बनतो. ते चौघे का उरलेत हे साऱ्या वर्गाला माहीत असतं. पहिल्या वर्षी तरी गट तुम्हीच पाडा. अबोल मुलाला असं काम द्या ज्यात इतरांना त्याच्याकडे यावं लागेल: लॅबच्या रीडिंगचा तक्ता त्याच्याकडे, बॅचची जर्नलं जमा करायची त्याने. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर अशा मुलांना फार मानवतं. तिथे श्रमदान असतं, स्वयंपाक असतो, मार्क नसतात.

बोलीवरून होणारी चेष्टा हलक्यात घेऊ नका. खानदेशातून किंवा मराठवाड्यातून पुण्या-मुंबईत आलेल्या मुलाचं ‘ऱ्हायलं’, ‘काहून’ ऐकून वर्ग हसतो. त्यानंतर तो सेमिनारला उभा राहत नाही आणि आपण ‘प्रेझेंटेशन स्किल कमी’ असा शेरा मारतो. वर्गात पहिल्यांदा कुणी हसलं की तिथेच, न ओरडता, थांबवायचं.

होस्टेलवर ‘कॅटेगरी काय? कॅपला कितवा होतास?’ हा प्रश्न ओळखीचा म्हणून विचारला जातो, पण ज्याला तो बोचतो त्याला तो दिवसभर ऐकू येत राहतो. जातीवरून डिवचणं, खोलीतून वेगळं पाडणं, सीनियरने रात्री बोलावणं, यांतलं काही कानावर आलं तर मध्यस्थी करून मिटवू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यूजीसीचे नियम २००९ चे आहेत, आणि राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ आहे. तक्रार करायची की नाही हे विद्यार्थी घाबरलेला असताना ठरवू शकत नाही, म्हणून त्याच्यासोबत बसून जे घडलं ते तारीख-वेळेसह लिहून काढा, आणि रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा समान संधी कक्षाकडे त्याच्यासोबत स्वतः जा. नियमाप्रमाणे रॅगिंगची माहिती मिळालेल्या संस्थेला गप्प बसता येत नाही, हेही त्याला सांगा, म्हणजे सगळं ओझं आपल्या एकट्याच्या शब्दावर आहे असं त्याला वाटणार नाही.

प्रेमभंगाचं दुःख ऐकून घ्या. उपदेश नको, थट्टा तर नकोच. अठरा-एकोणिसाव्या वर्षी ते खरं दुःख असतं आणि अख्खं सेमिस्टर खाऊ शकतं.

तब्येत बिघडलेली असेल तेव्हा

दोन-तीन आठवड्यांहून जास्त काळ झोप उडालेली किंवा दिवसभर झोप, जेवण सुटलेलं, आंघोळ-कपड्यांकडे दुर्लक्ष, आवडत्या गोष्टीतही रस नाही, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’ असं बोलणं, स्वतःच्या वस्तू वाटून टाकणं. यांतलं काही दिसलं तर अभ्यासाचा कागद बाजूला ठेवा आणि थेट विचारा: “मरून जावं, स्वतःला काही करून घ्यावं, असं मनात येतं का?” विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेक मुलांना कुणीतरी विचारल्याने हायसं वाटतं.

उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटं सोडू नका. कसं, कधी, काही ठरवलंय का, हे शांतपणे विचारा. कॉलेजच्या समुपदेशकाकडे चिठ्ठी देऊन पाठवू नका, सोबत न्या. रेक्टरला आणि घरच्यांना कळवा, आधी दिलेल्या शब्दाप्रमाणे मुलाला सांगूनच. त्या रात्री खोलीत कोण असेल हे ठरवल्याशिवाय घरी जाऊ नका. धोका तातडीचा वाटला तर सरळ जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो; तो मुलाच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करायला लावा.

तुमच्या कॉलेजात समुपदेशकच नसेल तर ते प्राचार्यांच्या टेबलावर लेखी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायला हवा.

आणखी एक गोष्ट वारंवार नजरेतून सुटते. अक्षरं उलटसुलट होणारा, वाचताना ओळ चुकणारा, तोंडी हुशार पण लिहिताना हतबल असा मुलगा आळशी नसतो. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्याला परीक्षेत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ मागता येतो. कित्येक मुलांनी बारावीला ही सवलत घेतलेली असते आणि कॉलेजात लाजेने सांगितलेली नसते.

घरच्यांशी बोलणं

फोन करण्याआधी मुलाला विचारा, निदान सांगा. आणि पहिला फोन तक्रारीचा असू नये. “काका, तुमचा मुलगा वर्कशॉपमध्ये चांगलं काम करतोय. गणितात थोडा अडलाय, त्यावर आम्ही दोघं मिळून काम करतोय,” एवढं म्हटलं की शेतावरून फोन उचललेला बाप ऐकायला तयार होतो. ‘तुमचा मुलगा लेक्चरला बसत नाही’ एवढंच कळलं तर त्या रात्री घरून जो फोन येतो, त्यानंतर मुलगा तुमच्याशीही बोलत नाही.

बऱ्याच मुलांनी घरी ‘ऑल क्लिअर’ सांगितलेलं असतं. ते खोटं पोटात ठेवून अभ्यास होत नाही. घरी सांगण्याची तयारी त्याच्यासोबत करा: आधी आईला की वडिलांना, फोनवर की सुट्टीत घरी गेल्यावर, पहिलं वाक्य काय. ते वाक्य त्याला तुमच्यासमोर दोन-तीनदा म्हणायला लावा. सोबत पुढचा बेत असला की घरचे बरंच समजून घेतात: “दोन विषय राहिलेत, मे-जूनच्या परीक्षेत देतोय, फॉर्म भरलाय.” हवं तर त्या फोनच्या वेळी तुम्ही शेजारी बसा.

पुढच्या भेटी

आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, एकाच वारी. लांबलचक बैठकीपेक्षा ठरलेली छोटी भेट टिकते. वहीत तारीख टाकून तीन ओळी लिहा: काय ठरलं होतं, काय झालं, पुढच्या वेळेपर्यंतचं एक काम. ठरलेलं झालं नसेल तर रागावू नका, काम अर्धं करा. चार तुकडे जमले नाहीत? दोन. दोन्ही जमले नाहीत, तर अडचण वेळेची नसून दुसरीच आहे. पुन्हा मागे जाऊन गाठ शोधा.

भेट चुकवली तर त्याच संध्याकाळी मेसेज करा. “आज आला नाहीस. काम झालं नसेल तरी ये, उद्या साडेचारला लॅबमध्ये आहे.” काम न झाल्याच्या लाजेनेच मुलं गायब होतात, म्हणून मधलं वाक्य गाळू नका.

सेमिस्टर संपेपर्यंत कधीकधी असंही लक्षात येतं की मुलगा चुकीच्या ठिकाणी आहे. इंजिनिअरिंग घरच्यांनी निवडलं होतं, त्याला ते नकोच आहे. तेव्हा ‘कसंही करून पूर्ण कर’ असं सांगू नका. शाखा बदलणं, डिप्लोमा किंवा आयटीआय, बीएस्सी, नोकरी करत नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी, हे सगळे पर्याय फी, कालावधी आणि प्रवेशाच्या तारखांसह कागदावर मांडा. निर्णय त्याला आणि घरच्यांना घेऊ द्या.

पहिलं वर्ष संपलं की मुलं एफई (पहिल्या वर्षाच्या) विभागातून आपापल्या शाखेत जातात आणि मेंटॉर बदलतो. सावरत आलेली कितीतरी मुलं नेमकी इथे पुन्हा निसटतात, कारण नव्या शिक्षकाला काहीच ठाऊक नसतं. म्हणून मुलाला घेऊन स्वतः नव्या मेंटॉरकडे जा आणि ओळख करून द्या. सोबत अर्ध्या पानाची टीप द्या: कुठले विषय बाकी, फॉर्मची तारीख कुठली, कशाने फायदा झाला, कुठली शिष्यवृत्ती अडकलीय. घरचं, मनातलं, तब्येतीचं त्या टिपेत लिहू नका. त्यातलं काय सांगायचं हे मुलाला आधी विचारा, आणि तो म्हणेल तेवढंच, त्याच्यासमोर, तोंडी सांगा.